पाणी हिरवे का होते?



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात तलाव-बोड्यांना तोटा नाही. धानाला पाणी तलावाचे. गुरांना पाणी तलावाचे. ताटातली मासळी, तीही तलावाचीच. उन्हाळा लागला की या पाण्यावर हिरवी साय धरते. कोणी म्हणतो, "शेवाळ आलं." कोणी म्हणतो, "पाणी नासलं." कोणी म्हणतो, "मोरचूद टाका, साफ होईल."

पण शेवाळ येते कशाने? ते खाते काय? कोणते शेवाळ भले, कोणते वाईट? हे आपण सहसा विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. आम्हांला हा धडा शाळेतल्या एका काचेच्या पेटीने शिकवला. पुढे तोच धडा गावच्या बोडीत कामी आला. पण थोडा उशिरा आला. ती हकीकत आज सांगतो.

शाळेतली पेटी

आम्ही तेव्हा जंगलातल्या एका लहान गावी शाळेवर होतो. मुलांना मासे जवळून दिसावेत म्हणून आम्ही नागपूरहून एक काचेची पेटी आणली. तळाला धुतलेली वाळू घातली. बोडीतून दोन तऱ्हेचे पाणगवत आणले. एक लांब फितीसारख्या पानांचे, दुसरे बारीक पानांच्या दाट काड्यांचे. वाळूत ते नीट रोवले. बोटाएवढे दहा-बारा मासे सोडले. पेटी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. सकाळचे ऊन काचेतून आत शिरे, मासे चमकत. मुले शाळेत लवकर येऊ लागली!

प्रत्येक मूल खिशातून काहीतरी आणी. कोणी भाताची शिते, कोणी मुरमुरे, कोणी भाकरीचा चुरा. मासे खातात म्हणून आम्हालाही कौतुक. पंधरा-वीस दिवसांत पाणी हिरवे झाले. इतके हिरवे, की मासा काचेला नाक लावी तेव्हाच दिसे.

आम्ही काय केले? सगळे पाणी ओतून दिले. विहिरीचे नवे पाणी भरले. आठवड्यात पुन्हा हिरवे. मग आम्हांला वाटले, हिरवे गवतच पाण्याला हिरवे करत असेल. म्हणून सगळे पाणगवत उपटून टाकले. पाणी चार दिवसांत पहिल्यापेक्षा हिरवे झाले. दोन मासे मेले.

एका मुलाचा आजा ढिवर होता. जन्म पाण्यावर गेलेला माणूस. तो नातवाला न्यायला आला, पेटीजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "गुर्जी, तुमी गवत काडून टाकलं. आता पानीच गवत झालं जी."

आम्ही मास्तर. तो शाळेची पायरी न चढलेला. पण त्याचे बोलणे खरे होते.

शेवाळ म्हणजे काय?

शेवाळाला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. काही शेवाळ इतके बारीक असते, की एकेक कण डोळ्यांना दिसत नाही. असे लाखो कण पाण्यात तरंगले की पाणी हिरवे दिसते.

शेवाळाला तीन गोष्टी लागतात. ऊन, ऊब आणि खत. तुमच्या धानाला जे नत्र आणि स्फुरद लागते, तेच शेवाळाला लागते. पाण्यात कुजलेले शीत, माशांची घाण, शेण, सांडपाणी, सडका पाला या सगळ्यांतून नत्र आणि स्फुरद सुटते.

पाण्यात रोवलेले गवतही हेच खत खाते. म्हणजे एकाच ताटावर दोन जेवणारे. गवत दाट असले की ताट बरेचसे तेच खाते, शेवाळ उपाशी राहते. गवत काढले की सारे ताट शेवाळाचे. आम्ही शेवाळाच्या वैऱ्यालाच उपटून फेकले होते.

आणि मुलांचे मुरमुरे? ते तर रोजचे खत होते.

शेवाळ ओळखा

पुढे आम्ही पेटी पुष्कळ वर्षे ठेवली. तिच्यात वेगवेगळी शेवाळे आली. जो काचेच्या पेटीत मासे ठेवतो, त्याला ही सहा ओळखता आली पाहिजेत.

१. हिरवे पाणी. पाणीच हिरवे होते. कपड्यातून गाळले तरी हिरवेच राहते. कारण: फार ऊन, फार खाणे.

२. काचेवरची हिरवी भुकटी. बोट फिरवले की रेघ उमटते. थोडी असली तर काही बिघडत नाही. जुन्या कापडाने पुसावी.

३. केसांसारखे शेवाळ. हिरवे लांब धागे. काही हाताला बुळबुळीत लागतात, काही खरखरीत. पानांत गुंततात. काडी फिरवून सूत गुंडाळावे तसे गुंडाळून काढावे.

४. तपकिरी थर. नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत येतो, उजेड कमी असला तरी येतो. बोटाने सहज निघतो. पेटी जुनी झाली, गवत वाढले, की बहुधा आपोआप जातो. याला भिऊ नये.

५. निळसर-हिरवी चादर. वाळूवर, पानांवर बुळबुळीत पापुद्रा चढतो. ओढला तर सालीसारखा निघतो. घाणेरडा वास येतो. हे खरे पाहता शेवाळ नव्हे, जंतूंची जात आहे. पण लोक शेवाळच म्हणतात. पापुद्रा काढून टाकावा, तळाचा सडका गाळ काढावा.

६. काळी दाढी. पानाच्या कडेला काळ्या केसांचे आखूड झुबके. पुसून निघत नाहीत. ते पानच खुडून टाकावे.

पेटीचा इलाज

आजाचे ऐकून आम्ही पेटी खिडकीतून हलवली. उजेड मिळेल, पण उन्हाची तिरीप थेट पडणार नाही, अशा जागी ठेवली. सहा ते आठ तास उजेड पुरतो. बोडीतून पुन्हा गवत आणले. ते स्वच्छ धुतले आणि या वेळी दाट लावले.

खाऊ घालायला एक मूल नेमले. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढेच घालायचे. उरले तर काढायचे. बाकीच्यांनी फक्त पाहायचे.

दर आठवड्याला पाण्याचा चौथा भाग काढायचा आणि नवे पाणी घालायचे. सगळे पाणी एकदम बदलायचे नाही. त्याने मासे घाबरतात, आणि पाणी शुद्ध ठेवणारे चांगले जंतू कमी होतात. नळाचे औषध टाकलेले पाणी असेल, तर ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मग घालायचे. काढलेले पाणी आम्ही शाळेतल्या वांग्यांना घालत असू. वांगी झकास आली. खत कोठे साठले होते, हे मुलांना त्या वांग्यांवरून कळले.

पाणी फारच हिरवे असेल, तर तीन-चार दिवस पेटीवर जाड कापड झाकावे. अंधारात बारीक शेवाळ मरते. गवत मात्र तेवढे दिवस तग धरते. मग कापड काढून थोडे पाणी बदलावे, कारण मेलेले शेवाळ सडते. पण हा वरवरचा इलाज. खाऊ आणि ऊन आवरले नाही, तर पाणी पुन्हा हिरवे होणार.

महिन्याभरात पेटी निवळली.

बोडीतली सकाळ

आता दुखरी गोष्ट सांगतो.

काही वर्षांनी गावातल्या मच्छीमार मंडळींनी बोडी घेतली. उधारीने मत्स्यबीज आणून सोडले. रोहू, कतला, मृगळ. जाळे ओढायला अडचण होते म्हणून सभेत ठरले, की बोडीतले सगळे पाणगवत काढायचे. मासे लवकर वाढावेत म्हणून गाड्या भरभरून शेण टाकायचे, असेही ठरले.

आम्ही त्या सभेत होतो. पेटीचा धडा आम्हांला ठाऊक होता. पण आम्हांला वाटले, ही त्यांच्या धंद्याची बाब. मास्तराने मध्ये काय बोलावे? आम्ही गप्प बसलो.

उन्हाळा आला. पाणी आटले. उरलेले पाणी घट्ट हिरवे झाले. वैशाखात दोन दिवस आभाळ भरून राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे आरडाओरड झाली. बोडीवर मासेच मासे उलटे तरंगत होते. जे जिवंत होते ते वर येऊन तोंडे उघडत होते.

"गुर्जी, कोनी तरी जहर टाकलं जी!"

नावही लगेच निघाले. एका माणसाचे बोडीवरून भांडण झाले होते. चार जण लाठ्या घेऊन त्याच्या घराकडे निघालेसुद्धा. आम्ही हात जोडून म्हटले, "बाप्पा, आधी बोडी पाहू. मग त्याच्या घरी जाऊ."

काठाने फिरलो. तीन गोष्टी दिसल्या.

पहिली: मेलेले बहुतेक मासे मोठे होते. बारके पुष्कळ जिवंत होते. जहर असते तर बारके आधी मेले असते.

दुसरी: मरळ आणि मागूर जिवंत होते. हे मासे पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ शकतात. जहर असते तर तेही सुटले नसते.

तिसरी: बेडूक उड्या मारत होते. गोगलगायी, पाणकिडे सगळे ठीक होते.

म्हणजे बोडीत जहर नव्हते. बोडीत श्वास उरला नव्हता.

तो ढिवर आजा तेव्हा हयात होता. त्याने मरळ पाहिला आणि मान हलवली. "दम कोंडून मेले जी," तो म्हणाला. त्याच्या शब्दाला मान होता. लाठ्या खाली आल्या. ज्याचे नाव निघाले होते, तो दुपारी आमच्याकडे आला. आमचा हात धरून बराच वेळ नुसता उभा राहिला.

उधारी मात्र फिटायला दोन वर्षे लागली. आम्ही सभेत बोललो असतो तर? हा विचार अजून जात नाही.

दम कसा कोंडतो?

दिवसा शेवाळ उन्हात आपले अन्न तयार करते आणि प्राणवायू सोडते. त्यामुळे दुपारी हिरव्या पाण्यात प्राणवायू पुष्कळ असतो. पण रात्री ऊन नसते. तेव्हा शेवाळही माशांसारखा प्राणवायू घेते. मासे घेतात, शेवाळ घेते, तळाचे सडणारे शेण घेते. सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आदल्या दिवशी आभाळ असेल, तर साठा आधीच अपुरा. मग पहाटे मासे गुदमरतात.

म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडताना दिसले, की वेळ घालवू नका. फळ्यांनी, हातांनी पाणी खळबळा. डोंगा फिरवा. पंप असेल तर बोडीचेच पाणी उंचावरून परत बोडीत पाडा. ताजे पाणी सोडता येत असेल तर सोडा. शेण आणि खाद्य टाकणे त्याच दिवशी बंद करा.

कोपराची खूण

थोडे हिरवे पाणी माशांना वाईट नाही. बारीक शेवाळ बारीक किडे खातात, किडे मासे खातात. पण प्रमाण पाहिजे. ते कसे पाहावे?

दुपारी काठाच्या स्वच्छ पाण्यात हात सरळ खाली बुडवा. पाणी कोपराला लागेपर्यंत तळहात अंधुक दिसत राहिला, तर ठीक आहे. पाणी मनगटाच्या थोडे वर आले तोच तळहात दिसेनासा झाला, तर शेवाळ फार झाले. शेण बंद करा. पाण्यावर रंगासारखा थर असेल, तर मात्र हात घालू नका. ते का, हे पुढे वाचा.

विषारी साय

एक निळसर-हिरवी साय फार वाईट. वाऱ्याने ती एका काठाला जमते. कोणी हिरवा रंग ओतला आहे असे दिसते. सगळ्या निळ्या-हिरव्या शेवाळात विष नसते. काही जाती तर भातखाचरात हवेतले नत्र धरून धानाला देतात. पण काही जाती विष तयार करतात. ते पाणी पिऊन गुरे, कुत्री मरतात. पाणी उकळले तरी हे विष जात नाही.

2020 साली आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात तीनशेहून अधिक हत्ती मेले. तिथल्या सरकारने पाणवठ्यातल्या अशाच शेवाळाच्या विषाकडे बोट दाखवले. हत्तीएवढ्या जनावराचे जिथे असे झाले, तिथे आपल्या गाई-बैलांची काय कथा?

ओळखायला दोन साध्या खुणा आहेत. लांब काठी पाण्यात घालून उचला. काठीला हिरवे धागे लोंबले, तर ते साधे केसाळ शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी निघाली, तर सावध व्हा.

दुसरी खूण: हाताला पिशवी बांधून बाटलीत तीन-चतुर्थांश पाणी भरा. सावलीत रात्रभर हलवू नका. हिरवे तळाला बसले, तर बहुधा साधे शेवाळ. हिरवे वर येऊन कडे धरले, तर विषारी जात असू शकते. त्या काठाला गुरे नेऊ नका, पोरांना पोहू देऊ नका. ग्रामपंचायतीला आणि गुरांच्या डॉक्टरांना कळवा.

मोरचूद टाकू नका. त्याने मासे मरतात. शेवाळ एकदम मेले तर ते सडून उरलासुरला प्राणवायू खाते. विषारी शेवाळ मेले, तर त्याच्या पोटातले विष पाण्यात सुटते.

तलावाचे ताट कोण भरतो?

आपल्या पूर्व विदर्भात जुने मालगुजारी तलाव सहा हजारांवर आहेत. त्यांना आपण मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी त्यांतले पुष्कळ बांधले. पाळ अशा जागी घातली, की वरचे पाणी तलावात यावे आणि तलावाचे पाणी खालच्या धानाला जावे. तेव्हा वर बहुधा जंगल असे. पाणी पालापाचोळ्यातून गाळून येई. आता कित्येक ठिकाणी वरही शेती झाली. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर युरिया आणि शेणखत तलावात येते. गावाची नालीही तिकडेच वळते.

चंद्रपूर शहरातला रामाळा तलाव पाहा. गोंडकाळचा तलाव. शहराचे सांडपाणी त्यात येत राहिले आणि जलकुंभी माजली. तलाव वाचवा म्हणून 2021 साली बंडू धोतरे यांनी उपोषण केले. त्यानंतर तलावातला गाळ काढण्याचे काम झाले. एका तलावासाठी माणसाला अन्न सोडावे लागले. नाली आधीच वळवणे किती सोपे होते!

भंडारा-गोंदियाच्या बाजूला ढिवर समाजाच्या बायामाणसांनी दुसरी वाट दाखवली. त्यांनी तलावांतली बेशरम उपटली आणि पूर्वीचे देशी पाणगवत पुन्हा आणून लावले. आमच्या पेटीत जे झाले, तेच त्यांनी तलावात केले.

मग गावाने काय करावे?

- गावाची नाली तलावात सोडू नये. तलावाआधी शोषखड्डा किंवा गवताचा पट्टा असावा.
- गुरे, कपडे, भांडी तलावाच्या बाहेर धुवावीत. सोडा-पावडरचे पाणी आत जाऊ देऊ नये.
- उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकावा. गाळ म्हणजे साठलेले खत. तलावातून गेले की शेवाळ उपाशी, शेतात आले की धान पोटभर. सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 साली याच कामासाठी सुरू झाली.
- पाणगवत सगळे काढू नये. जाळ्यापुरती वाट करावी, बाकी राखावे. कमळ, शिंगाडा, देवधान यांना जागा द्यावी. जलकुंभी आणि बेशरम मात्र काढावी.
- गवत्या मासा बेताने सोडावा. तो पाणगवत फस्त करतो. गवत गेले की पाणी हिरवे.

आमच्या त्या बोडीत मंडळींनी पुढच्या वर्षी दोन कोपऱ्यांत पाणगवत लावले. लावायला जे आले, त्यांत तो नाव घेतलेला माणूसही होता.

ध्यानात ठेवा

हिरवे पाणी म्हणजे पाण्यात खत फार झाले.
रोवलेले गवत शेवाळाचा वैरी, माशांचा मित्र.
पहाटे मासा वर आला तर पाणी खळबळा.
रंगासारखी साय दिसली तर गुरे दूर न्या.
आणि सभेत जे ठाऊक आहे, ते बोला.

सांगा पाहू

१. आम्ही पाणगवत काढल्यावर पेटीतले पाणी जास्त हिरवे का झाले?
२. बोडीतले मासे जहराने मेले नाहीत, हे कशावरून कळले?
३. मासे पहाटेच का गुदमरतात?
४. तुमच्या गावच्या तलावात नाली येते का? ती कोठून येते, हे आज संध्याकाळी जाऊन पाहा आणि उद्या वर्गात सांगा.